लागली का रं पाठ?

बारावीचा शेवटचा पेपर देऊन मुलगा घरी आला, माठातलं दोन पेले पाणी उभ्याउभ्याच प्यायला आणि म्हणाला, "बाबा, आता मला अठरा पूर्ण आहेत. तो पिक्चर बघायला जायचं, आणि तुम्ही पण यायचं." कुठला पिक्चर ते मी विचारलं नाही. महिनाभर तो आणि त्याचे मित्र मोबाइलवर त्याची झलक बघत होते. मारामारीच्या एका व्हिडिओ गेमवरून काढलेला, आणि त्यात म्हणे बरगडी मोडते तेव्हा ती आतून मोडताना दिसते. "तुमच्या लहानपणचाच गेम आहे," सम्यक म्हणाला. त्याला वाटलं मी खूश होईन.

मार्च सरत आला की बारामतीची हवा मला सोसत नाही. उन्हाचं कारण सांगतो मी घरी, पण ऊन काय, जन्मभर खाल्लंय. कारखान्यांचा हंगाम आटपत आलेला असतो, रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टरमधून पडलेली उसाची कांडी वाळून चिपाडं झालेली असतात. कालव्याला पाणी सुटलेलं असतं. पोरं हातात पुस्तक धरून गच्चीवर येरझाऱ्या घालत ओठ हलवत असतात. आणि एसटी स्टँडच्या भिंतीवर गावोगावच्या यात्रांची पत्रकं लागतात: छबिना, तमाशा, कुस्त्यांचा जंगी फड. लोकांना या दिवसांत कैरीची, सुट्टीची, मामाच्या गावाची आठवण येते. मला एका शब्दाची येते, आणि तीस वर्षं झाली तरी ती आली की माझं डोकं फिरतं. मी काही मोठ्या मनाचा माणूस नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मोठ्या मनाच्या माणसांनी हा लेख इथंच सोडला तरी चालेल.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत स्टँडजवळ, सायकलींचं पंक्चर काढणाऱ्याच्या शेजारी, शकीलभाईंचा व्हिडिओ गेमचा गाळा होता. पत्र्याचं शटर अर्धं खाली ओढलेलं. वाकून आत शिरायचं. आत दोन मशिनी, एक पंखा, शकीलभाईंचं स्टूल आणि तापलेल्या वायरींचा, उदबत्तीचा आणि शाळकरी घामाचा मिळून झालेला एक वास. डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला थोडा वेळ लागायचा, पण कानांना लागायचा नाही. धाडधाड, आई गं, आणि पोरांचं ओरडणं, "खाली दाब, खाली दाब, लाथ घाल!" एक मशीन गाड्यांच्या शर्यतीची होती, तिच्याकडे कुणी फिरकायचं नाही. सगळी गर्दी मारामारीच्या मशिनीभोवती. दोन दांडे, सहा-सहा बटणं. जिंकला तो उभा, हरला तो बाजूला, पुढचा पुढं.

त्या गेममधल्या पैलवानांची खरी नावं आम्हाला कधी वाचताच आली नाहीत. आमची आम्ही ठेवली होती. एक मुंडासेवाला, एक बाई, एक डगलेवाला, एक मिस्त्री. मिस्त्रीच्या हातात भला मोठा पान्हा होता आणि तो चालायला जड होता, म्हणून त्याला कुणी घ्यायचं नाही. मी घ्यायचो. माझे वडील एसटी डेपोत मेकॅनिक होते. घरी आले तरी त्यांच्या नखांतलं ग्रीस निघायचं नाही. त्या मिस्त्रीला हात लावताना मला घरचं कुणीतरी लढतंय असं वाटायचं, हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही.

दत्ताला सांगितलं होतं. दत्ता माझा दोस्त. इंदापूर तालुक्यातल्या, शेळगावच्या बाजूच्या एका गावचा. गावाचं नाव सांगत नाही, कारण गावानं माझं काही वाकडं केलेलं नाही. शाळेसाठी तो बारामतीत आत्याकडे राहायचा. घरचा ऊस, घरच्या म्हशी, आणि आजोबा वस्ताद. तो आजोबांना आबा म्हणायचा आणि त्याच्या बोलण्यात दर तिसऱ्या वाक्याला आबा यायचे. आबा म्हंत्यात पाणी बसून प्यावं. आबा म्हंत्यात डाव्या पायावर भार टाकू नगं. मला आजोबा नव्हते, ते मी पोटात असतानाच गेले होते, त्यामुळं दत्ताचे आबा मी न बघताच अर्धे माझे करून टाकले होते.

त्या मशिनीची एक खोड होती. लढत संपली की हरलेला पैलवान गुडघ्यावर बसायचा, आणि पडद्यावर पाच ते एक असे आकडे उलटे पडायचे. त्या पाच आकड्यांत जिंकलेल्यानं ठरावीक बटणं दाबली, की तो बसलेल्याचं मुंडकं उपटायचा, नाहीतर त्याला उभा चिरायचा. रक्त पडद्याच्या काचेवर आतून उडायचं आणि ओघळायचं. कुणाला ती बटणं माहीत असली की गाळ्यात त्याचा भाव वाढायचा. दत्तानं ती सगळी बटणं पाठ केली होती, आणि एकदाही दाबली नव्हती. मी त्याच्याशी पहिल्यांदा खेळलो आणि हरलो, माझा मिस्त्री गुडघ्यावर बसला, मागची पोरं ओरडायला लागली, "उपट, उपट!" दत्तानं दांडा सोडला आणि हाताची घडी घातली. पाच, चार, तीन, दोन, एक. मशीन नाइलाजानं गप्प झाली.

"का नाय मारलंस?" मी विचारलं.

"पाठ लागली की हात सोडायचा," तो म्हणाला. "आबा म्हंत्यात, पडल्याला मारतो त्यो पैलवान न्हाय, त्यो खाटीक."

हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं. तेव्हापासून आमच्या दोघांत तो नियमच झाला. हळूहळू गाळ्यातली बाकीची पोरंही करायला लागली. सगळी नाही, पण बरीच. पाच आकडे पडायचे आणि पत्र्याच्या त्या गाळ्यात पाच सेकंद शांतता असायची. शकीलभाई एकदा म्हणाले, "तुम लोगों ने मशीन को भी नमाज पढ़ना सिखा दिया." बाहेरच्या जगाला हे कळणं शक्यच नव्हतं. बाहेरच्या जगाला फक्त काचेवरचं लाल दिसत होतं.

आमच्या शाळेतल्या एका सरांना तर फारच दिसलं. ते एका दुपारी शटरखालून वाकून आत आले आणि आम्हा चौघांना कानाला धरून शाळेत घेऊन गेले. प्रार्थनेच्या ओट्यावर उभं करून त्यांनी भाषण दिलं. असल्या हिंसक खेळांनी पिढी बिघडते, कोवळ्या मनावर रक्ताचे संस्कार होतात, वगैरे. भाषण चांगलं होतं. ते संपल्यावर त्यांनी आमचे हात पालथे करायला लावले आणि डस्टरच्या लाकडी बाजूनं बोटांच्या पेरांवर मारलं. माझं मधल्या बोटाचं नख काळं झालं आणि जूनमध्ये गळून पडलं. ते बघून आईनं हळद लावली आणि म्हणाली, "सर तुझ्या भल्यासाठीच मारत्यात." हिंसा म्हणजे जे पडद्यावर असतं ते, आणि ओट्यावर असतो तो संस्कार, अशी तेव्हा सगळ्यांची पक्की समजूत होती. आमचीसुद्धा. आम्हाला सरांचा राग आला नाही. आम्हाला एवढंच वाटलं की यांना पाच आकडे माहीत नाहीत.

माझ्या मुलाला बारा वर्षांत एकाही शिक्षकानं बोट लावलं नाही. फार चांगलं झालं. फक्त ही एकच गोष्ट बदलली असती तरी मी काळाला पास केलं असतं. पण तोच मुलगा जेवताना ताटाशेजारी मोबाइल उभा करून माणसाचा कणा कसा निघतो ते बघतो आणि वरण वाढून घेतो. मी लहान असताना आईबाप खोट्या रक्ताला घाबरायचे आणि खऱ्याला हळद लावायचे. आता उलट झालंय. यातलं कुठलं बरं, हे मला विचारू नका. सगळे म्हणतात जग हिंसक झालं. मला तसं सरसकट म्हणता येत नाही. माझं भांडण रक्ताशी कधी नव्हतंच.

नववीच्या परीक्षेच्या आदल्या रविवारी त्या गेमवरचा पिक्चर बारामतीत लागला. हिंदीत बोलणारा. तेव्हाचा, हा आत्ताचा नव्हे. सगळा गाळा उठून टॉकीजला गेला. शकीलभाईसुद्धा शटर लावून आले. आम्ही पुढच्या खुर्च्या धरल्या. माझा मिस्त्री आता हाडामांसाचा दिसणार म्हणून मी आदल्या रात्री धड झोपलो नव्हतो. आणि तो दिसला. विनोदी होता. ढेरपोट्या, टोपी घातलेला, मारामारी सुरू झाली की टेबलाखाली शिरणारा. त्याच्या हातात पान्हाच नव्हता! पिक्चरवाल्यांनी त्याला चक्क सँडविच दिलं होतं. मी खुर्चीत तोंड लपवलं. घरच्या माणसाची कुणी टिंगल केल्यावर होते तशी माझी गत झाली.

रक्त तर एक थेंब नव्हतं. लहान मुलांनी बघावा म्हणून सगळं पुसून काढलं होतं. ठोसा बसायच्या वेळेला कॅमेरा भलतीकडेच, घोड्यावर, नाहीतर ढगांवर. पण शेवटच्या मारामारीत खलनायक खाली पडला, हात वर केले त्यानं, आणि नायकानं त्याच्या पोटात लाथ घातली. मग आणखी एक. रक्त आलं नाही, त्यामुळं कुणाला काही वाटलं नाही. टॉकीज शिट्ट्यांनी भरून गेलं. माझ्या शेजारी दत्तानं दोन बोटं तोंडात घालून सणसणीत शिट्टी मारली.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "पडल्यावर मारलं की रं त्यानं."

"हिरो हाय त्यो," दत्ता म्हणाला.

मी ते हसण्यावारी नेलं. आता वाटतं, तेव्हाच कान टवकारायला हवे होते.

पेपर चालू असतानाच दत्ता मागं लागला, यात्रेला ये. शेवटच्या पेपरच्या दुसऱ्याच दिवशी त्याच्या गावची यात्रा होती. "पोरांच्या कुस्त्या असत्यात रेवड्यांवर. आबाच पंच असत्यात. तुला दाखवतो आबा." त्यानं मला कालव्याच्या भरावावर संध्याकाळी दोन-चार डाव शिकवले होते. एकेरी पट मला चांगला जमायचा. खाली वाकून समोरच्याचा एक पाय दोन्ही हातांनी ओढायचा आणि खांद्यानं रेटा द्यायचा. दत्ता म्हणायचा, "तुझी उंची कमी हाय, तुला पटच बरा."

घरी वडिलांना विचारलं. आमच्या घरात यात्रा नव्हती. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव, नवस, छबिना सगळं एका दिवसात सोडलं. त्यांचा शब्द घरात अजून पाळला जायचा.

"आपलं काय काम तितं?" वडील म्हणाले.

"देवाला न्हाय चाललो. कुस्तीला चाललोय."

त्यांनी बराच वेळ हात पुसले. मग म्हणाले, "जा. पण कुणी आडनाव इचारलं, तर चोरू नगं. सरळ सांग."

सकाळच्या एसटीनं गेलो. आबा मला ताबडतोब ओळखू आले. पांढरा पटका, धोतर, आणि दोन्ही कान पैलवानाचे, दुमडून घट्ट झालेले. मी पाया पडलो. त्यांनी माझ्या मानेवर हात ठेवला, मान दाबून बघितली आणि म्हणाले, "मान चांगली हाय." एवढ्यानं मी हवेत गेलो. फडाच्या कडेला दत्ताचे चुलते, भावकी, सगळी ओळीनं बसली होती. त्यातल्या एकानं विचारलं, "कुणाचा रं तू?" मी नाव सांगितलं. तो म्हणाला, "फुडं?" मी आडनाव सांगितलं, वडिलांनी सांगितलं होतं तसं, सरळ. "असं व्हय," तो म्हणाला, आणि तंबाखू मळायला लागला. कुणी वाईट काही बोललं नाही. मला एक पेला सरबतही दिलं. फक्त त्या ओळीत वाक्यं जरा थांबली आणि मग पुन्हा सुरू झाली.

पोरांच्या कुस्तीत आबांची एक रीत होती. मोठ्यांच्या कुस्तीत पंच निकाल देतो. पण पोरांच्या कुस्तीत आबा स्वतः निकाल द्यायचे नाहीत. खाली पडलेल्या पोराजवळ गुडघे टेकून त्यालाच विचारायचे, "लागली का रं पाठ?" तो व्हय म्हणाला तर हरला, न्हाय म्हणाला तर परत धरायची. दत्तानं मला त्याचं कारणही सांगितलं होतं. आबा म्हणायचे, पंचाचा डोळा चुकंल, पण मातीला टेकलेल्या पाठीला समदं कळतं, आणि पोराला हरल्यालं सांगता आलं पायजे, मग जिकायचं आपोआप येतं. साऱ्या पंचक्रोशीत अशी रीत दुसरीकडे कुठंच नव्हती. मला ती मशिनीपेक्षा कितीतरी पटीनं थोर वाटायची.

"आबा, ह्येची अन् माजी लावा," दत्ताच म्हणाला. उत्साहानं. त्यानं मला फसवायला बोलावलं होतं असं मी आजही म्हणत नाही.

सलामी झाली. हलगी वाजायला लागली. माती तापलेली होती, पायांना चटके बसत होते. दत्ता माझ्या मानेत हात घालायला आला आणि मी खाली वाकून त्याचा डावा पाय ओढला. तो मागं गेला तसा मी खांद्यानं रेटा दिला. त्याचे दोन्ही खांदे मातीत, मी वर. त्याच्या छातीतले ठोके माझ्या छातीला कळत होते. लागली होती. यात शंका घ्यायला जागाच नव्हती. मी हात सोडला आणि उठून उभा राहिलो, मला शिकवलं होतं तसा.

आबा आले. गुडघे टेकले. "लागली का रं पाठ?"

दत्तानं माझ्याकडे बघितलं नाही. तो माझ्या पलीकडे बघत होता, जिथं ती ओळ बसली होती. तोंडावर हसू नव्हतं, भीती होती.

"न्हाय," तो म्हणाला.

तो उठला तेव्हा त्याच्या दोन्ही खांद्यांवर तांबडी माती होती. आबांनी आपल्या हातानं ती झटकली, अगदी मायेनं, आणि म्हणाले, "न्हाय म्हंतोय. परत धरा."

मला वाटलं मी बोलावं. पण त्या रिंगणात माझा शब्द कुणी मागितलाच नव्हता. दुसऱ्यांदा धरली तेव्हा मी पटासाठी वाकलोच नाही. दत्तानं मला ढाक लावली की काय लावलं मला आठवत नाही, मी उताणा पडलो आणि डोक्यावर आभाळ आलं. आबांचा चेहरा त्या आभाळात आला. फुटलेले कान, पांढऱ्या मिशा. "लागली का रं पाठ?"

मी न्हाय म्हणू शकलो असतो. त्यांनी मला परत धरायला लावली असती, रीतच होती तशी. मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणालो, "व्हय."

हलगी कडाडली. दत्ताला चुलत्यानं खांद्यावर घेतलं. कुणीतरी म्हणालं, "पाव्हण्याला बी रेवड्या द्या," आणि माझ्या ओंजळीत रेवड्या पडल्या. दुपारी त्यांच्या घरी पुरणपोळी होती. दत्ताच्या आईनं आग्रहानं वाढली, तूप धरलं, "लाजू नगं रं लेकरा" म्हणाली. कशात काही कमी केलं नाही. त्यामुळं मला भांडायलाही जागा राहिली नाही. दत्ता समोर बसून मान खाली घालून जेवत होता. मी वाट बघत होतो की आत्ता म्हणेल, हात धुताना म्हणेल, एसटीवर सोडायला येईल तेव्हा म्हणेल. एसटीवर सोडायला त्याचा चुलत भाऊ आला.

दत्ता दुसऱ्या कुणाला व्हय म्हणाला असता का, हे मला आजवर कळलेलं नाही. चुलत्याच्या पोराला, गावातल्या कुठल्याही पोराला. कदाचित त्यालाही न्हायच म्हणाला असता. कदाचित तो फक्त हरायला घाबरला होता. पण माझं आडनाव ऐकून जी ओळ थांबली होती, तिच्यासमोर माझ्याकडून पाठ लागली म्हणणं त्याला जमलं नाही, असंच माझं मन म्हणतं. आणि हे तपासायला माझ्याकडे कुठलीच मशीन नाही. दगा दिला एवढंच दुःख असतं तर ते कधीच विरलं असतं. कशासाठी दिला हे कळत नाही, म्हणून ते कुजत राहतं.

घरी आलो तेव्हा वडिलांनी माझ्या सदऱ्याची पाठ बघितली. "कुणी पाडलं?"

"दत्तानं."

"नियमानं पाडलं ना?"

"व्हय," मी म्हणालो. त्या दिवसातलं माझं हे एकच खोटं, आणि तेसुद्धा त्याच्यासाठी बोललो.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. आम्ही बोलायचो, गृहपाठ घ्यायचो-द्यायचो, यात्रेचं नाव काढायचो नाही. एका शनिवारी गाळ्यात त्याची-माझी गाठ पडली. माझा मिस्त्री त्या दिवशी कधी नव्हे असा लढला. दत्ताचा मुंडासेवाला गुडघ्यावर बसला. पाच. मागची पोरं सवयीनं गप्प झाली. चार. बटणं मला पाठ होती, त्यानंच शिकवली होती. तीनवर मी दाबली. मिस्त्रीनं पान्हा उचलला आणि काचेवर रक्त उडालं, खाली ओघळलं, आणि क्षणभरानं गाळा असा ओरडला की पंक्चरवाला आत डोकावला. शकीलभाई स्टुलावरून उठले. दत्तानं दप्तर उचललं आणि शटरखालून वाकून गेला.

मला गोड वाटायला हवं होतं. काही वाटलं नाही. चित्रातलं मुंडकं ते, त्यानं कुणाचं काय जाणार होतं? पण त्या सोमवारपासून गाळ्यात कुणी हात सोडायचं नाही. आमचा नियम महिन्याभरात मेला आणि तो मी मारला, हेही इथं लिहून ठेवतो. दहावीनंतर दत्ता गावी शेतीत गेला, मी डिप्लोमाला. शकीलभाईंच्या गाळ्यात पुढं एसटीडी बूथ आला, मग झेरॉक्स, आता मोबाइलची कव्हरं लटकलेली असतात.

तर सम्यकबरोबर तो नवा पिक्चर बघितला. हे पिक्चरवाले आपल्या कामाला इमानदार होते, एवढं म्हणेन. गेममध्ये होतं तसं सगळं दाखवलं, हाड मोडलं की हाड, मुंडकं उडालं की मुंडकं. पोरं टाळ्या वाजवत होती. मिस्त्री होता, पान्ह्यासकट, आणि मरतानासुद्धा कुणी त्याच्यावर हसलं नाही. मला बरं वाटलं. मध्यंतरात बाहेर आलो तर मागून हाक आली, "मिल्या!"

मला मिल्या म्हणणारं आता बारामतीत कुणी उरलेलं नाही. दत्ता होता. अंगानं सुटलेला, केस पिकलेले, बरोबर पोरगा, सम्यकएवढाच. त्यानं मला मिठी मारली, खरीखुरी, आणि मीही मारली. पोरं पॉपकॉर्नच्या रांगेत गेली. आम्ही चहा घेतला. मुलं, मधुमेह, उसाचा दर, म्हशी. मग तो थेटराच्या दाराकडे बघत म्हणाला, "काय दाखवत्यात रं ह्ये. आबा आसतं तर उठून ग्येलं आसतं."

आबांना जाऊन बारा वर्षं झाली होती. मी म्हणालो, माणूस मोठा होता.

"तत्त्वाचा," दत्ता म्हणाला. "त्या यात्रंनंतर आबांनी पोरांना इचारायचं बंदच केलं, ठाव हाय का तुला? फुडच्या वर्षापास्नं सरळ पंचाचा निकाल. लोकांनी लई इचारलं, का म्हून. कुणाला कारान सांगितलं न्हाय."

"तुला सांगितलं?"

"मला त्याच रोजी सांगितलं. समदी ग्येल्यावर. म्हनलं, दत्ता, मला दिसलं हुतं. बास. येवडंच. चापट न्हाय, शिवी न्हाय. अन् रीतच मोडून टाकली गड्यानं. माज्यासाटी." त्यानं शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले.

माझ्या हातातला कागदी कप मऊ पडला होता. म्हणजे त्या रिंगणात त्या दिवशी तिघांना खरं माहीत होतं. मी इतकी वर्षं आबांना वगळून चाललो होतो. दत्ता खोटं बोलला, पण आबांनी विश्वास ठेवला, त्यांचा काय दोष, असं म्हणत त्यांना बाजूला, जपून ठेवलं होतं. त्यांच्या डोळ्यांकडे बघून मी व्हय म्हणालो होतो.

"मग मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. "मी तिथंच होतो. पुरणपोळी खात होतो तुमच्या घरात. संध्याकाळपर्यंत होतो."

"तुला?" दत्तानं माझ्याकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर कपट नव्हतं, टोमणा नव्हता, त्याला खरंच कळत नव्हतं मी काय विचारतोय. "तुला कशाला सांगत्याल, मिल्या? ती आमच्यातली गोष्ट हुती."

पोरं पॉपकॉर्न घेऊन आली. सम्यकनं त्याला नमस्कार केला आणि मला हळूच विचारलं, "बाबा, हे कोण?"

"माझ्या वर्गात होते," मी म्हणालो, दत्ताला ऐकू जाईल असं.